जुन्या गाडीची बॅटरी वारंवार उतरते तेव्हा: चार्जिंग यंत्रणेची क्रमवार तपासणी

इंदूरमध्ये जानेवारीच्या थंड सकाळी जुन्या गाडीचा सेल्फ कुरकुरून थांबला की बहुतेक मालक थेट नवी बॅटरी घेऊन येतात. तीही दोन-तीन महिन्यांत उतरली, की अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करून बॅटरी भरणारे यंत्र) उतरवून भरायला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला दिला जातो, आणि त्यानंतरही तक्रार राहिली म्हणजे गाडीच जुनी झाली असा निष्कर्ष निघतो. या साऱ्या खर्चात एकदाही मीटर लावून मोजलेले नसते. चार्जिंगच्या बहुसंख्य तक्रारी काहीही न उतरवता, गाडी जागच्या जागी उभी ठेवून आणि अर्ध्या-पाऊण तासाच्या मोजणीने उलगडतात. अट एवढीच, की मोजण्याचा क्रम चुकता कामा नये. पुढे दिलेला क्रम म्हणूनच आहे तसा पाळावा. एखादा टप्पा गाळल्यास त्यापुढचे आकडे दिशाभूल करतात.

हे विवेचन मारुती ८००, झेन, एस्टीम, पहिली सँट्रो आणि अल्टरनेटर असलेली पद्मिनी अशा बारा व्होल्टच्या, ऋण बाजू बॉडीला जोडलेल्या गाड्यांसाठी आहे. ज्या नव्या गाड्यांत संगणक चार्जिंगचे व्होल्टेज सतत कमी-जास्त करतो, त्यांना येथील आकडे लावू नयेत.

## तयारी

काही शे रुपयांचा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरेसा आहे. इंदूरच्या जेल रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत तो सहज मिळतो. त्याखेरीज १०, १२ आणि १४ चे पाने, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलिन, टॉर्च, रबरी हातमोजे आणि झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) जवळ ठेवावा. एक वही आणि पेन हवेच. वाचन तोंडी लक्षात ठेवणारा माणूस तिसऱ्या आकड्यापाशी गोंधळतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

प्रथम मीटरच तपासून घ्यावा. ओळखीच्या दुकानातील चांगल्या बॅटरीवर किंवा दुसऱ्या मीटरशी ताडून त्याचा आकडा पाहावा. मीटरमधील नऊ व्होल्टचा सेल उतरत आला असेल, तर अनेक स्वस्त मीटर खऱ्यापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतात आणि सगळी तपासणी वाया जाते.

इशारा: अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवा. बाही घट्ट दुमडा आणि ओढणी किंवा मफलर दूर ठेवा. बॅटरीतून ज्वलनशील हायड्रोजन निघतो, त्यामुळे पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी कधीही पेटवू नका. इंजिन चालू करून करायची सर्व तपासणी उघड्या जागेत करा, बंद गॅरेजमध्ये नको.

दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा इशारा: इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "गाडी चालू राहते म्हणजे अल्टरनेटर चांगला" असे ठरवण्याची जुनी रीत पूर्णपणे सोडून द्या. बॅटरी सुटताच व्होल्टेज क्षणार्धात उसळते. त्यात अल्टरनेटरचे रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळू शकतात, आणि एमपीएफआय (संगणकाने इंधन सोडणाऱ्या) गाडीत हजारोंचा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणकही जाऊ शकतो. ज्या अल्टरनेटरची परीक्षा घ्यायची, तोच या परीक्षेत मरतो. गाडी चालू राहिली, तरी तो किती व्होल्टेज देतो याविषयी काहीही कळत नाही.

## टप्पा १: तक्रार नेमकी लिहून काढा

बॅटरी रात्रभरात उतरते की चार-पाच दिवस उभी राहिल्यावर? डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा कधी लागतो? दिवे रेस दिल्यावर उजळतात का? अलीकडे मोठे स्पीकर, जास्त वॅटचे बल्ब किंवा नवे अलार्म बसवले आहे का? चारच ओळी लिहा, पण लिहा. रात्रभरात उतरणारी आणि प्रवासात उतरणारी बॅटरी हे दोन निराळे आजार आहेत.

गाडीचा रोजचा वापरही नोंदवा. राजवाडा-सराफ्याच्या गर्दीतून चार-पाच किलोमीटर जाऊन येणारी गाडी सेल्फने जे घेतले तेही धड परत भरत नाही. अशा गाडीत कोणताही दोष नसताना बॅटरी अर्धपोटी राहते.

## टप्पा २: आधी बॅटरी

अल्टरनेटरवरचा प्रत्येक निष्कर्ष बॅटरी चांगली आणि भरलेली आहे या गृहीतावर उभा असतो. म्हणून आरंभ येथूनच करावा.

गाडी रात्रभर उभी ठेवून, सकाळी चावी लावण्यापूर्वी मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून मोजा. नुकतीच चालवलेली गाडी मोजायची वेळ आलीच, तर इंजिन बंद करून हेडलाइट दोन मिनिटे लावा, मग बंद करून दहा मिनिटे थांबा. नाहीतर प्लेटांवरचा वरवरचा चार्ज खोटा आकडा दाखवतो.

१२.६ किंवा त्याहून अधिक म्हणजे बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी आणि १२.० म्हणजे पाव. आकडा १२.४ च्या खाली असेल, तर पुढे जाऊ नका. बाहेरच्या चार्जरने बॅटरी पूर्ण भरून घ्या. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला सुमारे साडेतीन अँपिअरने रात्रभर लागते. पूर्ण उतरलेली बॅटरी गाडीला धक्का मारून चालू करून अल्टरनेटरकडून भरून घेणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तो भरलेल्या बॅटरीची झीज भरून काढण्यासाठी बनवलेला असतो. तासन्‌तास पूर्ण शक्तीने चालवल्यास मेच्या उन्हात त्याचे डायोड तापून जातात.

झाकणे उघडत असतील, तर प्लेटा पाण्याखाली आहेत का ते पाहा आणि कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घाला. पाणी घातल्यावर लगेच हायड्रोमीटर लावू नका. चार्ज करून पाणी मिसळू द्या. भरलेल्या बॅटरीत सहाही खणांचा आकडा साधारण १.२४० ते १.२६५ च्या दरम्यान यावा. नेमक्या आकड्यापेक्षा खणाखणांतला फरक अधिक बोलका असतो. पाच खण १.२५० आणि एक १.१८० असेल, तर तो खण मेलेला आहे, आणि अल्टरनेटर कितीही चांगला असला तरी ती बॅटरी टिकणार नाही.

आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटर बॅटरीवर धरून ठेवा. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या वर राहायला हवे. भरलेली बॅटरी असूनही ते ८ किंवा ७ पर्यंत कोसळत असेल, तर बॅटरी गेली. उलट व्होल्टेज ११ च्या आसपास टिकूनही सेल्फ सुस्त फिरत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. दोष तारांत, अर्थमध्ये (बॉडीशी असलेल्या ऋण जोडणीत) किंवा खुद्द सेल्फमध्ये आहे.

## टप्पा ३: डोळ्यांनी आणि हातांनी

इंजिन बंद करून टर्मिनलचे क्लॅम्प हाताने फिरवून पाहा. हाताने हलणारा क्लॅम्प सैलच समजावा. काढताना आधी ऋण, मग धन. लावताना आधी धन, मग ऋण. हा क्रम उलटला आणि पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी बॅटरीच्या तोंडाशीच उडते.

वर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी सर्वांना दिसते आणि सर्व जण तीच धुतात. खरा अडथळा मात्र क्लॅम्पच्या आत असतो. क्लॅम्प काढून टॉर्चच्या उजेडात आतली गोलाई पाहा: शिशाच्या राखाडी पृष्ठभागावर काळसर, गुळगुळीत, वार्निश फासल्यासारखा थर दिसेल. तो नखाने निघत नाही. पॉलिश पेपरने क्लॅम्पची आतली बाजू आणि बॅटरीचा खांब दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा. भुकटी सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या छिद्रांत जाऊ देऊ नका. क्लॅम्प घट्ट बसवून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा. आधी लावू नका.

त्यानंतर फॅनबेल्ट, म्हणजे अल्टरनेटर फिरवणारा पट्टा. सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण १० मिलिमीटर दबावा. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो प्रमाण मानावा. बेल्ट उलटवून त्याच्या कडा पाहा. व्ही आकाराचा बेल्ट कडांनी पकडतो. कडा काचेसारख्या चमकत असतील किंवा बेल्ट पुलीच्या तळाला टेकत असेल, तर ताण वाढवून उपयोग नाही, तो बदलाच. अतिरेकी ताणही वाईट. त्याने अल्टरनेटरचे आणि वॉटरपंपाचे बेअरिंग लवकर जाते.

ध्यानात ठेवा: मारुती ८०० सारख्या गाडीत हाच बेल्ट वॉटरपंपही फिरवतो. इंदूर-खंडवा रस्त्यावरचा भेरूघाट चढताना लाल दिवा अचानक लागला आणि बेल्ट तुटलेला असेल, तर पुढच्या काही मिनिटांत इंजिन तापून हेड वाकू शकते. "बॅटरीवर घरापर्यंत जाऊ" असा विचार न करता बाजूला थांबून आधी बेल्ट पाहा.

## टप्पा ४: लाल दिवा काय सांगतो

बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा हा केवळ सूचक नसतो. अनेक अल्टरनेटरांत रोटरला (आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाला) पहिली चेतना देणारा प्रवाह याच बल्बमधून जातो. म्हणूनच काही गाड्यांत बल्ब उडाल्यावर अल्टरनेटर स्लोवर (रेस न देता) चार्ज करत नाही आणि जोरात रेस दिल्यावरच "जागा" होतो.

चावी ऑन, इंजिन बंद: दिवा स्पष्ट लागायला हवा. लागला नाही, तर बल्ब, त्याचा फ्यूज, अल्टरनेटरकडे जाणारी बारीक वायर आणि सरतेशेवटी रोटरला वीज पोहोचवणारे झिजलेले कार्बन ब्रश, या क्रमाने संशय घ्या. इंजिन चालू: दिवा पूर्ण विझायला हवा. मंद मिणमिणत असेल, तर एखादा डायोड गेला आहे किंवा वायरिंगमध्ये व्होल्टेज गळते आहे. चावी काढूनही दिवा मिणमिणत असेल, तर बहुधा डायोड शॉर्ट आहे, आणि त्याच वाटेने रात्रभर बॅटरीही रिकामी होते आहे.

दिवा विझला म्हणजे सर्व ठीक, असे मात्र समजू नये. कमी चार्जिंग होत असताना अनेक गाड्यांत दिवा विझलेलाच राहतो. पुढचा टप्पा म्हणूनच टाळता येत नाही.

## टप्पा ५: चार्जिंगचे व्होल्टेज

गाडी चालू करा, सर्व दिवे आणि पंखा बंद ठेवा, रेस सुमारे १५०० ते २००० आरपीएमवर धरा आणि बॅटरीच्या खांबांवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा यायला हवा. १३.२ च्या खाली राहिला, तर चार्जिंग अपुरे आहे. आकडा उभ्या गाडीइतकाच, म्हणजे १२.६ राहिला किंवा हळूहळू उतरू लागला, तर चार्जिंग होतच नाही. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडला आहे. तेव्हा बॅटरी उकळते, पाणी वारंवार कमी होते आणि बल्ब उडत राहतात. असे अतिचार्जिंग दिसल्यास गाडी चालवत राहू नका.

आता हेडलाइट हाय बीमवर, एसीचा ब्लोअर पूर्ण आणि वायपर चालू करून तीच रेस धरा. व्होल्टेज १३.३ च्या वर टिकले, तर अल्टरनेटरला भार झेपतो. स्लोवर हाच आकडा १३ च्या खाली गेला, तरी घाबरू नका. जुन्या अल्टरनेटरची स्लोवरची क्षमता मुळातच कमी असते. मात्र येथे एक हिशेब करून पाहावा. मूळ ६०/५५ वॅटचे दोन बल्ब हाय बीमवर १२० वॅट, म्हणजे सुमारे ९ अँपिअर घेतात. त्यांच्या जागी बाजारातले १००/९० चे बल्ब लावले, की हाच आकडा १५ च्या आसपास जातो. वर मोठा अँप्लिफायर असेल, तर निर्दोष अल्टरनेटरही कमी पडतो, आणि तो भरून आणल्याने काहीही सुधारत नाही.

ही मोजणी दोनदा करा: एकदा सकाळी थंड इंजिनावर आणि एकदा इंदूरजवळच्या महूपर्यंत जाऊन आल्यावर, बॉनेट उघडून लगेच. गरम झाल्यावर व्होल्टेज दोन-तीन दशांशांनी उतरणे स्वाभाविक आहे. थंड असताना १४.२ आणि गरम असताना १२.७ येत असेल, तर रेग्युलेटर किंवा डायोड उष्णतेत साथ सोडत आहेत. दुकानाच्या टेबलावर थंड अल्टरनेटर फिरवून "ओके" म्हणणारा कारागीर हा दोष पकडूच शकत नाही.

## टप्पा ६: वाटेत व्होल्टेज कुठे हरवते

सर्वांत जास्त गाळला जाणारा आणि सर्वांत जास्त पैसे वाचवणारा टप्पा हाच आहे. अल्टरनेटर १४.३ व्होल्ट तयार करतो, म्हणून बॅटरीला १४.३ मिळतात असे नाही. मधल्या जुन्या वायरी, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), फ्यूज आणि अर्थ आपापला वाटा खातात.

इंजिन २००० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. भार नसताना ही मोजणी निरर्थक आहे, कारण प्रवाहच नसेल तर अडथळा दिसणार नाही. मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर आणि काळी तार बॅटरीच्या धन खांबावर टेका. क्लॅम्पवर टेकू नका, शिशाच्या खांबावरच टेका. नाहीतर क्लॅम्प आणि खांब यांच्यातला अडथळा मोजणीतून निसटतो. आकडा ०.२ व्होल्टच्या आत यावा. मग लाल तार अल्टरनेटरच्या उघड्या धातूच्या बॉडीवर आणि काळी बॅटरीच्या ऋण खांबावर, येथेही ०.२ च्या आतच. ऋण चिन्ह दिसले, तर त्याकडे दुर्लक्ष करा, फक्त आकडा पाहा.

आमच्या राजेंद्रनगरातल्या शेजारच्या काकांच्या मारुती ८०० मध्ये दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या गेल्या होत्या आणि अल्टरनेटरही एकदा भरून झाला होता. बॅटरीवर १३.०, पण अल्टरनेटरच्या बोल्टपासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.३. अर्थच्या बाजूला ०.१ आणि धन बाजूला १.२. हिशेब तंतोतंत जुळला: १४.३ मधून १.३ गेले, १३.० उरले. धन वायरवर टप्प्याटप्प्याने मीटर पुढे सरकवत गेल्यावर बॅटरीजवळच्या मुख्य फ्यूजच्या डबीत सारी घट सापडली. डबीचे काळे प्लास्टिक एका कोपऱ्यात तपकिरी होऊन किंचित ओघळले होते, आणि आतला स्क्रू जेमतेम अर्धा आटा सैल होता. सेल्फची जाड केबल या डबीतून जात नसल्यामुळे भरलेल्या बॅटरीवर गाडी झोकात चालू होई, आणि त्यामुळे वायरिंगवर कोणाचाच संशय गेला नव्हता. थिंबल साफ केले, डबी बदलली आणि घट ०.१५ वर आली. तीच बॅटरी आजही गाडीत आहे.

अर्थची पट्टी तुटत आल्याची एक खूण हातालाही लागते. सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर एक्सलरेटरची किंवा क्लचची केबल गरम लागली, तर इंजिनाचा प्रवाह पट्टीऐवजी त्या केबलमधून परततो आहे. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली पट्टी त्याच दिवशी बदला.

तपासा: घट सापडून दुरुस्त केल्यावर टप्पा ५ पुन्हा करा. आकडे सुधारले असतील, तर अल्टरनेटरला हात लावण्याचे कारण उरत नाही.

## टप्पा ७: डायोडची चाचणी, आणि मीटरचा सापळा

डायोड गेल्यास व्होल्टेज जवळजवळ बरोबर दिसते, पण त्यात लहरी मिसळतात, रेडिओत रेसबरोबर चढउतार होणारी शिटी ऐकू येते आणि भारावर चार्जिंग कमी पडते. मीटर एसी (दिशा बदलणाऱ्या विजेच्या) व्होल्टवर ठेवून, हेडलाइट लावून, रेस धरून बॅटरीवर मोजा. आकडा ०.५ हून बराच कमी असायला हवा. त्यावर गेल्यास डायोड प्लेट संशयास्पद.

मात्र त्याआधी हाच एसीवर ठेवलेला मीटर इंजिन बंद असताना बॅटरीला लावा आणि तारा उलटवूनही पाहा. अनेक स्वस्त मीटर डीसी (बॅटरीची एकाच दिशेची वीज) वेगळे काढू शकत नाहीत. ते एका बाजूने शून्य आणि उलट बाजूने पंचवीस-सव्वीस दाखवतात. आपला मीटर तसा निघाला, तर ही चाचणी त्यावर करू नका. या एका सापळ्यामुळे चांगल्या डायोड प्लेटा बदलल्या जातात.

## टप्पा ८: उभ्या गाडीतली चोरी

चार्जिंग उत्तम आणि तरीही बॅटरी उतरत असेल, तरच हा टप्पा. चावी काढा, दारे बंद करा, डिकीतला दिवा विझल्याची खात्री करा. ऋण क्लॅम्प काढून, मीटरची लाल तार १० अँपिअरच्या छिद्रात घालून, मीटर क्लॅम्प आणि खांब यांच्या मध्ये जोडा.

इशारा: या जोडणीत चावी फिरवणे, हेडलाइट लावणे किंवा सेल्फ मारणे कटाक्षाने टाळा. काम संपताच लाल तार व्होल्टच्या छिद्रात परत घाला. विसरून तसाच मीटर बॅटरीला लावला, तर थेट शॉर्ट होतो.

०.०५ अँपिअरपर्यंतची गळती चालते. डिकीचा पाच वॅटचा दिवा विझत नसेल, तर ०.४ अँपिअर दिसतील, म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. ३५ ची बॅटरी साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी होईल आणि सेल्फ त्याच्या बराच आधी थकेल. फ्यूज एकेक काढत जा आणि आकडा कोणत्या फ्यूजवर पडतो ते पाहा. एकाही फ्यूजवर पडला नाही, तर बॅटरी पूर्ण सोडवून अल्टरनेटरच्या जाड बोल्टवरची वायर काढा, तिचे टोक चिकटपट्टीने गुंडाळा, आणि पुन्हा मोजा. गळती थांबली, तर ती डायोडमधून होती.

## टप्पा ९: आता अल्टरनेटर उतरवा

येथवर येऊनही दोष त्याच्यातच ठरला, तरच बॅटरीची ऋण तार काढून तो उतरवा. मागचा जाड बोल्ट चावी बंद असतानाही थेट बॅटरीशी जोडलेला असतो, हे विसरू नका. वायरींचे फोटो काढून ठेवा.

छोटी ग्वालटोलीतल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे देताना "भरून द्या" एवढेच म्हणू नका. वहीतले आकडे दाखवा: थंड इतके, गरम इतके, भारावर इतके, एसी इतके. ब्रश होल्डरबाहेर ५ मिलिमीटरहून कमी उरले असतील, तर बदलायला सांगा. रोटरच्या तांब्याच्या कड्यांवर खोल चर पडले असतील, तर नुसते नवे ब्रश महिनाभरही टिकणार नाहीत, हे त्यालाही माहीत असते. पण आपण विचारले तरच तो कडी तपासतो. पुली हाताने फिरवताना खरखर लागल्यास बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्या, कारण उतरवण्याची मजुरी दोनदा द्यावी लागत नाही. काढलेले जुने भाग परत मागा.

परत बसवल्यावर बेल्टचा ताण, चावी ऑन करून लाल दिवा, मग टप्पा ५ आणि टप्पा ६, थंड आणि गरम दोन्ही. नवा बेल्ट घातला असेल, तर दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर त्याचा ताण पुन्हा पाहा, कारण तो सुरुवातीला थोडा सैलावतो. शेवटचे आकडे तारखेसह वहीत लिहून ती वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या हिवाळ्यात सेल्फ कुरकुरला, तर पहिली तुलना त्यांच्याशीच करायची आहे.